लाकडी पक्ष्याचा शेवटचा तुकडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. लहानपणी मी वर्षभर राजा होतो, आणि तोही खोटा.

परवा अमेरिकेत, शुगर लँडच्या घरी मुलाच्या मार्चिंग बँडची पांढरी पँट इस्त्री करत होतो. गरम कापडाचा वास आला आणि मी थेट जर्मनीतल्या त्या गावात पोचलो. बाबांची तिथे दोन वर्षं नोकरी होती. गावच्या नेमबाजी मंडळात मुलांचं वेगळं पथक होतं. हिरवा कोट, पांढरी पँट, खांद्यावर लाकडी बंदूक आणि तिच्या तोंडात फूल. काय ती शिस्त! तरी मला, एकट्या सावळ्या पोराला, त्यांनी पहिल्याच दिवशी रांगेत मधोमध घेतलं.

उत्सवात खांबावरचा लाकडी पक्षी आळीपाळीने बाण मारून फोडायचा. शेवटचा तुकडा पाडेल तो वर्षभर राजा. माझा बाण चांगला हातभर बाजूने गेला, आणि नेमका तेव्हाच तो लोंबता तुकडा वाऱ्याने पडला. माझाच बाण लागला असं समजून जल्लोष झाला. पुढची पाळी माझ्या मित्राची, मथियासची होती, त्याचा नेम कधी चुकत नसे. माझ्या शेजारीच उभं राहून त्यानं सगळं पाहिलं होतं. मी गप्प राहिलो. त्यानं टाचा जुळवून मला सलाम ठोकला आणि हळूच म्हणाला, "राजेसाहेब, हसा तरी!"

तेव्हा वाटलं, सुटलो. आज कळतं, राजा तोच होता.

"डॅड, पँट जळेल!" मुलगा ओरडला.

माझा बाण लागला नव्हता, एवढं एक वाक्य मी मथियासला अजून देणं लागतो.