मालवणच्या पाण्याखाली मी घाबरलो तेव्हा

भिवंडीकरांनो, पाण्यातून बाहेर येऊन तीन तास झाले, तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

आज मी आणि बायको मालवणला स्कुबा करायला उतरलो. मी आपल्या भिवंडीजवळच्या राहनाळचा, खाडीत पोहायला शिकलेला. तिला पोहता येत नाही.

प्रवाळाभोवती फिरणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे बघताना माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं. घाबरून मी तोंडातली हवेची नळीच काढायला लागलो. ट्रेनरने ती दाबून धरली आणि मला वर आणलं.

होडीत बसल्यावर लक्षात आलं, बायको अजून खालीच आहे. मी ट्रेनरला विचारलं, "तिच्याजवळ कोण आहे?"

"वहिनींसोबत दुसरा ट्रेनर आहे," तो म्हणाला. तरी माझी नजर पाण्यावरून हलेना.

वर येताच ती म्हणाली, "तुम्ही कधी आलात? मला वाटलं, मागेच आहात."

खरं सांगतो, वर येताना मला तिची आठवणसुद्धा झाली नव्हती. हे तिला सांगू का?