निझव्याकडची लाल बाग

लोक परदेशी जातात ते समुद्र, किल्ले नाहीतर दुकानं बघायला. मी ओमानला गेले ती वाळलेल्या झावळ्या बघायला. हे ऐकून आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, त्या आमच्या दिवेआगरच्या वाडीत हव्या तेवढ्या पडल्यात. त्यासाठी विमानात कशाला बसतेस?" काकूंचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हे मला पुढे कळलं.

झालं असं, की मी पुण्यातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि मधली काही वर्षं सातपुड्यातल्या वणव्यांची आकडेवारी तपासण्यात घालवली आहेत. वणवा कुठे लागला, किती पसरला, कुठे थांबला, याचा हिशेब मांडायचा आणि पुढचा कुठे लागेल याचा अंदाज बांधायचा, असं ते काम. माझा धाकटा भाऊ मिलिंद मस्कतला असतो. उपग्रहाने टिपलेली चित्रं वाचणं हा त्याचा धंदा. २०१३ साली त्याच्याकडे एक काम आलं होतं: निझव्याच्या आसपास खजुराच्या बागांना आगी लागतात, तर कुठल्या बागांना धोका आहे ते सांगा. आकड्यांत तो अडकला आणि लहानपणी गणितात अडकल्यावर यायचा तसाच माझ्याकडे आला. फोनवर म्हणाला, "ताई, ऑक्टोबरात ये. ईदची सुट्टी आहे. तुला फिरवतो, तू मला वाचव." भाजणी, मेतकूट आणि लॅपटॉप घेऊन मी निघाले.

विमानाच्या खिडकीतून मस्कत दिसलं आणि माझा उत्साह मावळला. खाली नुसते तपकिरी डोंगर. गवताचं पातं नाही, झाड नाही. इथे जळण्यासारखं आहे तरी काय, असं मी विमानतळावरच मिलिंदला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "तू आधी जेव."

मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस या वस्तीत त्याचं घर आहे. बाहेर पांढऱ्याशुभ्र भिंती आणि बोगनवेल, आत वरणफोडणीचा वास. दोन दिवस आम्ही जेवणाचं टेबल अडवून बसलो. एका पडद्यावर जुन्या आगींचे ठिपके, दुसऱ्यावर बागांचा हिरवेपणा. मिलिंदने सगळा भर ऊन आणि वाऱ्यावर दिला होता. मी म्हटलं, "अरे, ऊन-वारा सगळ्या बागांना सारखाच. मग एक जळते आणि शेजारची का राहते?" आगीला तीन गोष्टी लागतात: उष्णता, वारा आणि जळण. पहिल्या दोन देवाच्या हातात. तिसरी तेवढी माणसाच्या हातात असते, म्हणून तर आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याआधी पाचोळा काढून जाळरेषा आखतं. आम्ही हिरवेपणाचे मागच्या काही वर्षांचे आकडे जोडले तेव्हा चित्र लख्ख झालं. ज्या बागा वर्षागणिक सुकत गेल्या होत्या, तिथेच आगी मोठ्या झाल्या होत्या. मिलिंदने प्रत्येक बागेला रंग दिला. हिरवा, पिवळा आणि सगळ्यात धोक्याचा लाल. नकाशा इतका देखणा झाला, की आम्ही दोघांनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

तिसऱ्या दिवशी निझव्याचा रस्ता धरला. गाडी गावकरांची. मालवणचा गडी, राहायला मस्कतबाहेरच्या रुसैलला, कंपनीच्या खोल्यांवर. तोंडाचा पट्टा अखंड चालू. "ताईनू, फुडे बसा आणि आधी पट्टो लावा. हंयसर पोलीस सोडूचे नाय," असं म्हणून त्यांनी जी सुरुवात केली ती निझवा येईपर्यंत. ईद तोंडावर आलेली, त्यामुळे निझव्याच्या बाजारात बकऱ्यांचा महापूर लोटला होता. म्हातारे, पोरं, बुरखा घेतलेल्या बायका, सगळे बोकडांचे दात तपासत उभे. मीही नकाशाची गुंडाळी काखेत धरून कौतुकाने बघत राहिले आणि एका बोकडाने त्या गुंडाळीचा कोपरा शांतपणे खाऊन टाकला. मालकाने इतक्या वेळा माफी मागितली की शेवटी मलाच ओशाळं वाटलं. वर त्याने गरम हलव्याचा एक डबा हातात कोंबला, तो वेगळाच.

आम्हाला नकाशा दाखवायला जायचं होतं ते गाव निझव्यापुढे डोंगराच्या पायथ्याशी आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. उघड्याबोडक्या डोंगराचं वळण संपलं आणि एकदम दाट सावली सुरू झाली. खजुराची शेकडो झाडं, त्यांच्याखाली लिंबं, लसूणघास, आणि मधून खळखळणारा फलज (डोंगराच्या पोटातलं पाणी गावात आणणारा पाट). पाण्याची पाळी प्रत्येक बागेला ठरलेली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली. वाळवंटात माणसांनी एवढी हिरवाई उभी केली आणि भांडणं न करता पाणी वाटून घेतलं, याचं मला अपार कौतुक वाटलं. आमच्या सोसायटीत टँकरच्या पाण्यावरून काय होतं ते मी जाणते.

आमचे यजमान सालिम. सत्तरीचे, काटक, डोळ्यांत मिस्कील हसू. मस्कतला नोकरीत असताना भारतीय सोबत्यांकडून आणि सिनेमांतून हिंदी शिकलेले. मिलिंद त्यांना 'अम्मी' (काका) म्हणतो. कहवा (वेलची घातलेली कडू कॉफी) आणि खजूर झाल्यावर ते आम्हाला बागेत घेऊन गेले.

त्यांची बाग म्हणजे न्हाऊन-माखून बसलेलं घर. बुंधे स्वच्छ, जमीन झाडलेली. एक कमरेएवढी मातीची भिंत आणि पलीकडे दुसरी बाग. तिथे मात्र वर्षानुवर्षांच्या वाळक्या झावळ्या बुंध्यांना लटकत होत्या, पार जमिनीपर्यंत. खाली गुडघाभर पाचोळा. मी पाऊल टाकलं तर पापड मोडावा तसा आवाज झाला. खाली ठिणगी पडली तर त्या झावळ्या धरून आग शेंड्यापर्यंत चढेल आणि शेंड्यावरून भिंत ओलांडेल, हे सांगायला संख्याशास्त्र लागत नव्हतं. आमच्या नकाशावरचा सगळ्यात लाल तुकडा हाच.

"पीछे गर्मी में बाजूवाला गाँव जला," सालिम म्हणाले. "किसी ने कचरा जलाया, हवा आया, खलास. ये पेड़ सब मेरा बाप लगाया, बहन. मैं पूरा गर्मी छत पे सोता है, नाक खुला रख के."

"मग ही बाग तुम्हीच साफ का नाही करत?" मी हिंदीत विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शेजाऱ्याच्या कपाटात हात घालायला सांगितलं होतं. बाग त्यांच्या थोरल्या भावाची. भाऊ वारला, मुलगा हमूद मस्कतला नोकरीला. तो फक्त ईदला येतो आणि बागेकडे फिरकत नाही. पाण्याची पाळीही त्याने विकून टाकलेली. "उसका पेड़ है. मैं हाथ कैसे लगाएगा?" सालिम म्हणाले.

तर सगळा डाव ईदवर होता. मालक गावात सापडायचे ते याच चार दिवसांत. ते पांगले, की पुढचा उन्हाळा या पाचोळ्यासकट येणार आणि सालिमच्या वडिलांची झाडं वाऱ्याच्या मर्जीवर राहणार.

संध्याकाळी सबल्यात (गावाची बैठकीची जागा) सगळे पुरुष जमले. मी पाहुणी आणि वयाने मोठी, म्हणून मलाही आत जागा मिळाली. आम्ही तो बोकडाने कुरतडलेला नकाशा भिंतीवर लावला. मिलिंद अरबीत छान बोलला. बोलणं संपलं तरी सगळ्यांच्या नजरा नकाशावरच होत्या. मला वाटलं, प्रभाव पडला.

मग एक तरुण उठला. नकाशाजवळ गेला, लाल तुकड्यावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात काहीतरी बोलला. मिलिंदचा चेहरा उतरला. तरुणाने कहव्याचा भरलेला पेला तसाच खाली ठेवला, सगळ्यांना सलाम केला आणि निघून गेला. मागोमाग बाकीचेही उठले. प्रत्येकाने आमचे आभार मानले, पण एकही जण आमच्याकडे बघत नव्हता.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"हमूद होता तो. 'हे माझे वडील आहेत,' म्हणाला," मिलिंद म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गात नापास मुलाचं नाव मी कधी मोठ्याने वाचलं नाही, आणि इथे चारचौघांत, सणाच्या तोंडावर, एका मुलाच्या बापाची बाग लाल रंगात भिंतीवर टांगली. आकडे बरोबर होते, ही त्यातली आणखी वाईट गोष्ट. सालिम आम्हाला "कुछ नहीं, कुछ नहीं" म्हणत राहिले, पण त्यांचं हसू गेलं होतं. त्यांच्या बागेचं काम आम्ही सोपं करायला आलो आणि पुरतं अवघड करून बसलो.

सकाळी गावाबाहेर शुव्याची तयारी बघायला गेलो. शुवा म्हणजे मसाला लावलेलं मटण खजुराच्या पानांच्या पिशव्यांत भरून, निखाऱ्यांच्या खड्ड्यात पुरून शिजवायचं. अख्ख्या गावाचा खड्डा एकच. विहिरीसारखा खोल, दगडांनी बांधलेला. माणसं लाकूडफाटा आणून काठावर रचत होती. गावकर कमरेवर हात ठेवून बघत होते.

"ताईनू, ही तर आमची होळी गो!" ते म्हणाले. "शिमग्याक आमी आख्ख्या वाडीतली लाकडां पळवतव. लोक गाळी घालतत, पण राग कोणाक येना नाय. होळयेक गेला म्हणजे देवाक गेला."

सालिम उदास दिसत होते, म्हणून त्यांना हसवायला मी हे हिंदीत सांगितलं. ते खरंच हसले. मग हसता हसता थांबले. खड्ड्याकडे बघितलं, पलीकडच्या बागांकडे बघितलं. डोक्याचं फडकं नीट बांधलं आणि म्हणाले, "यल्ला, चलो."

हमूदच्या दारात ते उभे राहिले. पुढचं बोलणं मिलिंदने मला नंतर शब्दन्‌शब्द सांगितलं. "हमूद," सालिम म्हणाले, "यंदा खड्ड्याला जळण कमी पडतंय. तुझ्या बापाच्या झाडांचं दे. तो असता तर मी मागायच्या आधी घेऊन आला असता."

गल्लीच्या टोकाला सालिमची गाडी उभी होती, लाकडांनी काठोकाठ भरलेली. ती हमूदला दिसत होती, आम्हालाही दिसत होती. वयाने आणि मानाने मोठा असलेला काका पुतण्याच्या दारात याचक होऊन उभा होता, गरज नसताना. हमूदने दारातल्या चपला पायात सरकवल्या.

"किती हवं, अम्मी?"

"असेल तेवढं."

दुपारी हमूद बागेत आला. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच, असं सालिम हळूच म्हणाले. कमरेला दोर बांधून तो पहिल्या झाडावर चढला. ऑफिसात बसणारा माणूस, दोनदा घसरला, पण खालून कोणी हसलं नाही. पहिली झावळी खाली आली तेव्हा त्याने बाहीने डोळे पुसले. धूळ उडत होती हे खरं, पण ते धुळीमुळे नव्हतं. थोड्या वेळात आणखी माणसं आली, न बोलावता. आमच्या नकाशावरच्या दुसऱ्या लाल आणि पिवळ्या बागांचे मालक होते ते. "आमच्याकडचंही न्या, सणाचं काम आहे," म्हणाले. नकाशाचं नाव कोणीही काढलं नाही. मी, मिलिंद आणि गावकर झावळ्या ओढत होतो. बोटांत काटे घुसले, मिलिंदचा नवा शर्ट फाटला आणि कॉलेजात दोन वर्षांत झाला नसेल तेवढा व्यायाम मला त्या एका दुपारी झाला.

ईदला खड्डा पेटला. आयुष्यात हजारो आगी मी पडद्यावर ठिपके म्हणून पाहिल्या, मोजल्या, त्यांच्यावर व्याख्यानं दिली. त्या दिवशी पहिल्यांदा एका आगीसमोर इतकी जवळ उभी राहिले, की तोंड भाजून निघालं. घाबरण्यासारखी होतीच ती, पण गावाने स्वतः बोलावलेली आणि खड्ड्यात बसवलेली. निखारे झाल्यावर प्रत्येक घराच्या पिशव्या आत गेल्या आणि वर माती लोटली. दुसऱ्या दिवशी मटण बाहेर निघालं तेव्हा सालिमच्या बायकोने पहिला घास माझ्या हातावर ठेवला. मी मासे खाते, मटण खात नाही. त्या दिवशी खाल्लं, पोटभर. शेजारच्या काकूंपर्यंत हे जाऊ नये, एवढीच वाचकांना विनंती.

मस्कतला परत आल्यावर आम्ही आकडे तेच ठेवले आणि नकाशा बदलला. बागांचे लाल रंग गेले. त्या जागी कुठल्या पाटाच्या आसपास सणासाठी किती जळण निघेल, एवढंच दाखवलं. मिलिंदच्या साहेबांना आधी ते पोरखेळ वाटलं. मी त्यांना म्हटलं, पूर्वीचा नकाशा जास्त अचूक होता, पण त्याने एक काडीही उचलली गेली नसती.

परतीच्या विमानात तेच तपकिरी डोंगर पुन्हा खाली दिसले. येताना मी म्हटलं होतं, इथे जळण्यासारखं काय आहे. आता मला त्या घड्यांमध्ये दडलेल्या हिरव्या रेघा ओळखू येत होत्या आणि प्रत्येक रेघेपाशी कोणाचे तरी वडील, कोणाचा तरी काका आहे, हे माहीत झालं होतं. माझ्या विषयाने मला आग कुठे लागेल ते शिकवलं. ती लागू नये म्हणून माणसाने माणसाच्या दारात कसं उभं राहावं, हे मी त्या गावात पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी फोन वाजला. सालिमच होते.

"बहन, आग आया था."

ते सांगू लागले. रस्त्याच्या कडेला झुडपं पेटली होती. गरम वारा सुटलेला. गाव बादल्या घेऊन धावलं, पण त्यांच्या आधी आग हमूदच्या बागेत शिरली होती.

"मग?"

"फिर क्या. इधर गया, उधर गया. ज़मीन साफ, पेड़ साफ. हमूद का दो छोटा पेड़ काला हुआ, बस. दीवार तक आया ही नहीं, बीच में बैठ गया." मग फोनवर मुसमुसल्यासारखा आवाज आला. मला वाटलं रडताहेत, पण ते हसत होते. "हमारे गाँव से आज पहली बार कोई मेहमान भूखा गया, बहन."

ते हसतच होते. मी मात्र फोन कानाला धरून रडत होते.