हजाराला नऊ कमी

डोमाजी कोतवालाला गावातलं प्रत्येक माणूस माहीत होतं. कोण पुण्याला गेलं, कोण सुरतेला, कोणाची सून बाळंतपणाला माहेरी गेली आणि कोणाची रुसून गेली, हे त्यालाच विचारावं. फक्त गावात एकूण माणसं किती, असं विचारलं की तो टोपी काढून डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, "भरपूर हायेत."

आमचं गाव कवठेखेडी खुर्द. नाल्यापलीकडं कवठेखेडी बुद्रुक. सरकारनं आम्हाला नीट वाटून ठेवलं आहे. घरं खुर्दात, ग्रामपंचायत बुद्रुकात. तलाठी बुद्रुकात बसतो, नर्सबाई बुद्रुकात राहते, पोलीस ठाणं तिसऱ्याच गावात. तालुका बारा मैलांवर, जिल्हा अकोला, आणि जिल्ह्याच्याही वरचे साहेब अमरावतीला. एवढ्या सगळ्यांच्या नकाशात आम्ही आहोत. नाल्यावर पूल मात्र एकाही नकाशात नव्हता, आणि नाल्यावरही नव्हता. आमच्याकडं विहिरींचं पाणीही खारट, त्यामुळं पाहुण्याला चहा दिला की तो एक घोट घेऊन विचार करत बसतो.

डोमाजीचं काम म्हणजे तलाठ्याचे कागद इकडं आणायचे, इकडचे अंगठे तिकडं न्यायचे, आणि काही सांगायचं असलं की डफडं वाजवत गल्लीगल्लीत दवंडी द्यायची. तीस वर्षं तो दिवसातून दोनदा नाला ओलांडत आला. उन्हाळ्यात चपला घालून, पावसाळ्यात डोक्यावर ठेवून.

ती वर्षं मोजणीची होती. कापूस पिकेना तशी मोजणारी माणसं वाढली. एक गाडी यायची ती विहिरी मोजून जायची. दुसरी यायची ती जनावरं मोजायची. कोणी जीव दिला, की त्या घरी समिती यायची आणि मेलेला माणूस पात्र की अपात्र ते ठरवून जायची. जिवंतपणी ज्याला कोणी काही विचारलं नाही, त्याची मेल्यावर परीक्षा. अशानं बायकांच्या मनात पक्कं बसलं, की मोजायला येणारा माणूस काही घेऊन येत नाही. आणि पोरं तर आमच्याकडं आधीपासूनच मोजत नाहीत. चार असली तर तीन सांगायची. एक हातचा ठेवायचा, म्हणजे नजर लागत नाही. माझ्या सासूनं हेच केलं, मीही हेच केलं.

डोमाजीला मात्र मोजणीचंच वेड लागलं, त्याचं कारण नाला.

त्याच्या मुलाला पहिलं पोर झालं ते तिसऱ्या दिवशी गेलं. दुसरा नातू नऊ महिन्यांचा झाला. श्रावणात त्याला ताप चढला, आणि नाला आठ दिवस भरून वाहत होता. पलीकडच्या काठावर नर्सबाई छत्री धरून उभी, अलीकडं डोमाजी पोराला पोत्याच्या घोंगशीत गुंडाळून उभा. मध्ये पन्नास पावलांचं पाणी. नर्सबाई ओरडून ओरडून काय करायचं ते सांगत होती, पण पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. सांजेला डोमाजी तसाच घरी परत आला.

त्यानंतर तो तहसीलात गेला. तिथल्या एका बाबूनं त्याला सांगितलं, "तुमची ग्रामपंचायत वेगळी झाली तर पूल मागता येईल, नर्स मागता येईल. पण हजार माणसं पाहिजेत. खानेसुमारीच्या कागदावर. तोंडी नाही." नियम तसाच होता की बाबूनं त्याला वाटेला लावायला सांगितला, देव जाणे. डोमाजीनं तो गाठीला बांधला. खानेसुमारी दोन हजार अकरात येणार होती. तो वाट पाहत बसला.

मधल्या काळात त्याला नात झाली. दोन गेल्यावरची तिसरी, म्हणून पाचवीलाच तिला विकून टाकली. हीही आमच्याकडची रीत. असं पोर दुसऱ्या घरी विकायचं, म्हणजे त्याला न्यायला येणारा दारावरून चकून परत जातो. शेजारी ताहेर पिंजाऱ्याचं घर, गाद्या-रजया भरणारं. त्याच्या बायकोनं, जहाँआराबीनं, सव्वा शेर कोंडा देऊन पोरगी घेतली. नाव पडलं कोंडी. पोरगी झोपायची आईजवळ, दूध प्यायची आईचं, पण डोमाजी तिला कधी आपली म्हणाला नाही. ती मांडीवर येऊन बसली तरी म्हणायचा, "कोणाची वो हे पोट्टी? जहाँआराबी, तुमची पोरगी पाहा इकडं आली."

तिकडून जहाँआराबी ओरडायची, "असू द्या डोमाभाऊ, शाम को वापस भेजो!"

दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत खानेसुमारी आली. आमच्या वाट्याला कमलाकांत मास्तर आले. तालुक्याच्या शाळेतले, सरळ माणूस, खांद्याला पिशवी आणि कानामागं पेन्सिल. डोमाजीनं आदल्या दिवशी दवंडी दिली, "ऐका हो ऐका! मास्तर येतील, कोणी कोणाले लपवू नका हो! लहान-मोठं, लुळं-पांगळं, सगळं सांगा हो!" आणि दुसऱ्या दिवसापासून मास्तरांच्या पुढं पुढं चालू लागला.

माणिकबाईच्या दारात मास्तरांनी विचारलं, "मुलं किती?"

"दोन," माणिकबाई म्हणाली.

"अन् मागच्या सालचं?" डोमाजीनं विचारलं.

"ते बहिणीचं हाय."

"तुह्या बहिणीचं लगन नाई झालं ना माय!"

"मंग नसंल तिचं. तुले काहून पंचायत, डोमाजी?"

"पंचायत पाह्यजे म्हणूनच त इचारून राहिलो!"

मास्तर हसले आणि दोन लिहून पुढं गेले. जे घरचा माणूस सांगेल तेच त्यांना लिहायचं होतं. माझ्या घरी आले तेव्हा मीही एक गाळला. धाकटा नातू सोहम बाजेखाली बसून चिंचोके खेळत होता, मी पदर खाली सोडला आणि त्याच्या तोंडावर घेतला. डोमाजीनं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलंच नाही.

ताहेरच्या घरी जहाँआराबीनं सगळ्यांची नावं चोख सांगितली. सासू, नवरा, मोठा वकार, मुली तुबा आणि अलीझा. कोंडी तिच्याच मांडीवर बसून गूळ खात होती. मास्तरांनी पेन्सिलीनं दाखवलं, "आणि ही?"

"ये तो डोमाभाऊच्या घरची," जहाँआराबी म्हणाली. दुसऱ्याचं पोर आपल्या नावावर लिहायचं म्हणजे लबाडी, आणि ती बाई लबाडीतली नव्हती.

मग मास्तर डोमाजीच्या घरी आले. त्याच्या सुनेनं चार माणसं सांगितली. मास्तरांनी कोंडीचं विचारलं. सून सासऱ्याकडं पाहू लागली. डोमाजी नाल्याकडं पाहत म्हणाला, "ते जहाँआराबीची हाय सायेब. इकतची पोरगी हाय, आपली कशी सांगावं?"

अशी कोंडी दोन घरांच्या मध्ये राहिली आणि कोणत्याच कागदावर चढली नाही.

शेवटच्या दिवशी मास्तर माझ्या ओसरीवर बेरीज करत बसले. डोमाजी समोर उकिडवा. मी चहा ठेवला, मास्तरांनी एक घोट घेतला आणि विचार करत बसले. मग म्हणाले, "नऊशे एक्क्याण्णव."

"हजाराले किती कमी?"

"नऊ."

डोमाजीनं टोपी काढली. "सायेब, एका गल्लीतच नऊ लपून बसले असतील."

"मला ठाऊक आहे. पण मी घरात शिरून बाजेखाली पाहू शकत नाही," मास्तर म्हणाले, आणि माझ्याकडं न पाहता दुसरा घोट घेतला. "मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत फेरतपासणीला येईन. ज्याचं नाव राहिलं असेल त्यानं तेव्हा सांगावं. त्यानंतर कागद जमा. मग दहा वर्षं."

दहा वर्षं ऐकून डोमाजी उठला. ते तीन-चार दिवस तो घरोघर हात जोडत फिरला. बायकांनी त्याला चहा दिला, सुपारी दिली, माणूस एकही दिला नाही. शेवटी विहिरीवर त्यानं सगळ्यांना गाठलं.

"अवो, नऊ पोट्टे द्या मले! काढून नाई घेत, कागदावर द्या फक्त!"

माणिकबाईनं घागर खाली ठेवली. "डोमाजी, कोंडी कोणाची?"

तो वाकून विहिरीत पाहू लागला.

"आमच्या पोराईले नजर लागली तरी चालते, अन् तुही तेवढी लपवून ठेवायची? पह्यले तू कोंडीले आपली म्हण. चारचौघात म्हण. मंग ये आमच्या दारात."

कोणी हसलं नाही. डोमाजीच्या घरून दोन गेलेली सगळ्यांनी पाहिली होती. तो पाय ओढत माझ्या ओसरीवर आला.

"वच्छलावैनी, मी म्हनलं अन् तिले काही झालं त?"

मी काय सांगणार? ज्या बाईनं आपल्या नातवाच्या तोंडावर पदर टाकला, तिनं शहाणपण कोणत्या तोंडानं शिकवायचं? मी म्हणाले, "अन् नाई म्हनलं, अन् पुढच्या श्रावणात पुन्हा नाला भरला त?"

तो उठताना एवढंच म्हणाला, "इकलेलं पोर पुसल्याबिगर परत घेता येते काय?" आणि जहाँआराबीकडं गेला. दोघांचं बोलणं मधल्या कुडाच्या भिंतीतून मला सगळं ऐकू आलं.

"फुकट नाई देणार, डोमाभाऊ," जहाँआराबी म्हणाली. "चार साल झाले, माझी बच्ची हाय ती. सव्वा शेर कोंडा दिला मैंने."

"कोंडा परत आणू काय?"

"कोंड्याचं काय करू, म्हैस कवाच विकली." मग ती जरा थांबली. "कागद पर लिखो तुमच्या नावाने. लेकिन घर में मेरीच राहील. ऊपरवाले को मैं समझा दूँगी."

तीन मार्चला मास्तर आले. चावडीपाशी माणसं जमली. मास्तरांनी कागद उघडला, "कोणाचं नाव राहिलं आहे का?"

सगळ्या बायका डोमाजीकडं पाहू लागल्या. डोमाजीच्या तोंडून काही ते निघेना. मग त्यानं एकदम कोपऱ्यातलं डफडं उचललं आणि वाजवायला लागला. मास्तर दचकले.

"ऐका हो ऐका!" तो ओरडला. आवाज नेहमीचाच, सरकारी, जणू पाणीपट्टीचीच दवंडी. "तमाम गावकऱ्याईले कळवण्यात येते हो! की डोमाजी कोतवालाच्या घरी एक नात हाय हो! नाव कोंडी, वय वर्ष चार हो! ते डोमाजीच्या पोराच्या पोटची हाय हो! ज्याले हरकत असंल त्यानं आत्ताच सांगावं हो!"

हरकत कोणालाच नव्हती. डोमाजीचा हिशोब असा होता, की हे काही तो बोलला नाही, सरकार बोललं. आणि सरकारच्या बोलण्याकडं वर कोणी लक्ष देत असेल, असं तीस वर्षांत त्याच्या अनुभवाला आलं नव्हतं. डफडं खाली ठेवून तो मास्तरांच्या कागदावर काय चढतं ते वाकून पाहू लागला. कोंडी जहाँआराबीच्या कडेवरून टाळ्या पिटत होती. तिला वाटलं, कोणाचं तरी लग्न आहे.

मास्तरांनी लिहून घेतलं. "नऊशे ब्याण्णव."

मग माणिकबाई पुढं झाली. "माहं एक राह्यलं होतं सायेब. बहिणीचं नव्हतं ते."

तिच्यामागं तानुबाई आली. तिची एक नव्हे, दोन निघाली. मग रांगच लागली. मीही सोहमचं नाव सांगितलं. मास्तर माझ्याकडं पाहून म्हणाले, "बाजेखालचा का?" दुपारपर्यंत गाव एक हजार अडतीस झालं. एका दिवसात सत्तेचाळीस माणसं वाढलेलं गाव उभ्या जिल्ह्यात दुसरं नसेल. बाहेर लोक गाव सोडून चालले होते, आणि आमच्याकडं खाटांखालून माणसं निघत होती.

आकडे छापून यायला, अर्ज चढायला, ठराव उतरायला आणखी दोन वर्षं गेली. पण कवठेखेडी खुर्दची ग्रामपंचायत वेगळी झाली. नर्सबाई मंगळवारी आणि शुक्रवारी इकडं येऊ लागली. पूल मंजूर झाला, म्हणजे नाल्यावर 'पूल मंजूर' अशी पाटी लागली. पाटीनंतर दीड वर्षानं पूलही लागला. नवीन ग्रामपंचायतीपुढं पहिली दवंडी डोमाजीनंच दिली. त्यानंतर त्याला कळलं, की कोतवाल ग्रामपंचायतीचा नसतो, तलाठ्याचा असतो. आणि तलाठी बसतो बुद्रुकात. म्हणजे सगळं गाव नाल्यातून सुटलं आणि नाला ओलांडायला एकटा डोमाजी उरला. उरलेली नोकरी त्यानं तशीच केली, दिवसातून दोनदा. शेवटचं एक वर्ष तेवढं पुलावरून.

कोंडीला काही झालं नाही. शाळेत घालताना जहाँआराबीनं तिचं चांगलं नाव सुचवलं, जुईली. तोवर तिच्या पाठीवर एक भाऊही आला होता. शाळेत नवीन बाई होत्या. त्यांनी दाखल्याचा कागद भरता भरता डोमाजीला सहज विचारलं, "आजोबा, तुम्हाला नातवंडं किती?"

जुईली त्याचं बोट धरून उभी होती. डोमाजीनं टोपी नीट केली, इकडं तिकडं पाहिलं आणि म्हणाला, "एक. अन् हे जहाँआराबीची."