शिवदासनं उखडलेली टिकली

बोर्ली पंचतनच्या बाजारात शिवदासचं दुकान कुणीही दाखवील. बोटीवरचा वायरलेस असो, जीपीएस असो, बिघडला की माणूस सरळ त्याच्याकडं. नववीतनं शाळा सोडली, सहा वर्षं भरडखोलच्या बोटींवर खलाशी म्हणून काढली, तिथंच बंद पडलेले रेडिओ उघडून उघडून हात बसला. त्याला वीस वर्षं झाली. "माझ्या हाताखालनं एक बोर्ड बाद होऊन गेला न्हाय," हे तो गिऱ्हाइकाला चहा सांगायच्या आधी सांगायचा. आता गेली चार वर्षं बारीक काम त्याची धाकटी बहीण हेमांगी करायची, तेवढं तो सांगायचा नाही. पण तिला आयटीआयला कुणी घातलं, ते मात्र न चुकता सांगायचा.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायला आठ दिवस होते. मच्छीमार सोसायटीनं यंदा सगळ्या बोटींचे वायरलेस सेट दुरुस्तीला हेमांगीकडंच द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. तिच्या नावानं पहिलंच मोठं काम. अशात एका बोटीचा तांडेल जीवन वायरलेस घेऊन आला आणि दारातनंच म्हणाला, "हेमांगी न्हाय?"

"म्हसळ्याला गेलीय, पार्ट आणायला. काय हाय?"

"माइकचा सॉकेट हालतोय, बदलायचाय. येईल ना दुपारपर्यंत? मी बसतो."

"जीवनदा, मग मी काय हितं माशा मारतोय? ठेवा तो सेट आणि जा घरी."

जीवन जरा घुटमळला, पण ठेवून गेला.

सॉकेट काढायचा म्हणजे त्याच्या पायांभोवतीचं सोल्डर, म्हणजे डाग दिलेलं कथील, आधी उचलावं लागतं. त्यासाठी तांब्याच्या बारीक तारांची विणलेली पट्टी असते. तिला विक म्हणतात. ती सोल्डरवर ठेवायची, वरनं तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकवायचं, की वितळलेलं सोल्डर ती पिऊन टाकते. हेमांगी आपली विक झाकणाच्या डब्यात ठेवायची. शिवदासचं गुंडाळं मात्र खिडकीतल्या खिळ्यावर. कोळ्याच्या घरात ओलं जाळं काय, दोर काय, सगळं वाऱ्यावर टांगायचं, तसं तेही टांगलेलं. "दादा, खाऱ्या वाऱ्यानं तांबं हिरवं पडतं, मग ते काम करत नाही," असं ती दोनदा म्हणाली होती. "तुझ्या आधीपासनं तांबं बघतोय मी," असं त्यानं दोन्ही वेळा सांगितलं होतं.

डबा समोर होता. त्यानं खिळ्यावरचं गुंडाळं काढलं.

विक सोल्डर पिईना. त्यानं दाबली. तरी पिईना. मग नांगराचा दोर ओढावा तसा जोर लावला, घाम पुसायला आयर्न उचललं, आणि तेवढ्यात सोल्डर गार होऊन विक बोर्डालाच चिकटून बसली. पुन्हा तापवायची सोडून त्यानं ती हिसकली. ती आली, आणि तिच्याबरोबर बोर्डावरची तांब्याची टिकलीही आली. ज्या टिकलीवर सॉकेटचा पाय बसतो तीच. तिच्या मागं लागून आलेली बोर्डावरची तांब्याची रेघही फाटली होती.

त्यानं दाराकडं बघितलं. कुणी नव्हतं. बोर्ड परत पेटीत घातला, पेटी हेमांगीच्या टेबलावर ठेवली आणि पाणी प्याला.

ती आली, तिनं भिंगाखाली बोर्ड धरला, बराच वेळ बघितला. मग खिडकीतल्या खिळ्याकडं बघितलं.

सकाळी जीवन आला, बरोबर त्याची बायको नलू. हेमांगी उभी राहिली. "मामा, माझ्या हातनं टिकली उखडली. तार टाकून जोडते, चालेल सेट."

शिवदास तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभा.

"चालंल?" जीवन म्हणाला. "पोरी, पंचवीस वाव पाण्यात हा बंद पडला तर मी हाक कुणाला मारू?"

"शिकाऊ हातात दिलाच कशाला मग," नलू म्हणाली, आणि दोघं सेट उचलून गेली.

शिवदासचं तोंड उघडलंच नाही. ज्या तोंडानं वीस वर्षं बाजार गाजवला ते. दोन दिवसांत सोसायटीनं श्रीवर्धनचा माणूस बघायला घेतला. हेमांगी रिकामं टेबल पुसायची, पुन्हा पुसायची, आणि त्याला म्हणायची, "दादा, जेवून घे." एवढंच.

तिसऱ्या दिवशी तो भरडखोलला गेला. सोसायटीच्या शेडमध्ये तांडेल जाळी शिवत बसले होते. तो उभ्यानंच म्हणाला, "टिकली मी उखडली. ती नव्हती."

जीवन हसला. "भाऊ असावा तर असा. बहिणीचं आपल्या अंगावर घेतोय."

"खरं सांगतोय."

"तूच सांगतोस ना रं, तुझ्या हाताखालनं बोर्ड बाद होत न्हाय?" म्हातारा दयाराम सुईवरनं मान वर न करता म्हणाला. "आता खोटं कशापायी बोलतोस?"

त्याचंच बोलणं त्याला नडलं. शिवदासनं पिशवीतनं आयर्न काढलं, जुना बोर्ड काढला, ती हिरवी विक काढली, शेडमधल्या प्लगला वायर लावली आणि सगळ्यांच्या पायाशी मांडी घातली. तसंच केलं. दाबलं, गार होऊ दिलं, हिसकलं. टिकली आली. ती त्यानं दयारामच्या तळहातावर ठेवली. मग दुसरी उखडली. तिसऱ्या वेळी दयाराम म्हणाला, "बास."

कुणीतरी फिसकन हसलं. जीवन हसला नाही.

"म्हंजे मी त्या पोरीला बोललो तवा तू बाजूला उभा व्हतास."

"व्हय."

"आणि गप ऱ्हायलास."

"व्हय."

जीवननं जाळं मांडीवरनं खाली ठेवलं. "मी येतो सेट घेऊन. तिच्याशी बोलायचंय मला. तू आत बसू नको."

शिवदास दुकानाबाहेर पायरीवर बसला. जीवन आला, त्याच्या अंगावरनं आत गेला. "पोरी, चुकलं माझं," असं आतनं ऐकू आलं. मग हेमांगीचा आवाज, तार कुठनं कुठं जाईल ते सांगणारा, सावकाश, एकेक. रस्त्यावरनं ओळखीची माणसं जात होती, हात करत होती. शिवदासनं मान वर केली नाही.