दुरुस्तीतला पाय

दूधवाल्या ताईंनी पायमामांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मामांच्या अंगावर तेवीस पाय होते. दोन जन्माचे, बाकीचे सरकारी. काही काखेत, काही खांद्यावर, दोनचार पट्ट्यांनी गळ्यात अडकवलेले आणि एक लहानसा दातांत धरलेला, कारण दार उघडायला हात मोकळा हवा. असा माणूस समोरून चालून येताना पाहून कुबड्यांवरच्या ताईंचा उरलेला पायही गळून पडायचा, पण थोडक्यात वाचला.

मामांना हा आकडा कधीच मान्य नव्हता. "अकरा होते," ते म्हणत. "घाबरलेल्या माणसाला सगळं दुप्पट दिसतं."

"दुप्पट केले तरी बावीस," ताई म्हणत. "तेविसावा तोंडात होता."

सरकारी इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुलाईखान्याला लागून मामांची खोली होती. तिथे गरजूंना कृत्रिम पाय मोफत मिळत. भिंतीला फळ्या, फळ्यांवर पाय आणि प्रत्येक पायाच्या आतल्या बाजूला काळ्या रंगात क्रमांक. प्लॅस्टरच्या धुळीने मामांच्या भुवया कायम पांढऱ्या. सकाळी पन्नाशीचा वाटणारा माणूस संध्याकाळी ऐंशीचा होऊन घरी जाई, आणि बायको त्याला आंघोळ घालून पुन्हा पन्नाशीवर आणी.

ताईंचा डावा पाय डेअरीत मागे सरकणाऱ्या ट्रकखाली सापडला होता. गुडघ्याखाली कापावा लागला. नवरा आधीच गेलेला, घरात सासू आणि दोन मुली. काम म्हणजे नऊ इमारतींत दूध पोचवायचं. प्रत्येक इमारत चार मजली, लिफ्ट एकीलाही नाही.

मामांनी गुडघ्याखाली उरलेल्या भागावर ओलं प्लॅस्टर गुंडाळून माप घेतलं, त्यावरून तो भाग आत बसेल अशी वाटी ओतली, खाली नळी बसवली, नळीखाली रबरी पाऊल. मग पट्टे आवळले आणि म्हणाले, "चल."

ताई दोन दांड्यांच्या मधून चालल्या. डोळ्यांत पाणी आलं. मामांनी तिकडे बघितलंच नाही. त्यांनी पाण्याने भरलेले दोन कॅन पुढे सरकवले.

"हे घेऊन तिसऱ्या मजल्यावर जायचं आणि यायचं. त्याशिवाय मी सही करत नाही. बसून खाणाऱ्याचा पाय वेगळा, राबणाऱ्याचा वेगळा."

ताई गेल्या, आल्या, शेवटच्या पायरीवर मामांना मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी दोन लिटर दूध घेऊन आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "मामा, तुमचे उपकार कसे फेडू?"

मामा भडकले. "माझे कसले उपकार? मी पगारी माणूस. आणि हा पाय फुकट नाही, बाई. साऱ्या गावाने त्याला हात लावलाय. ही वाटी त्या कापडवाल्या शेटजीची समज. वर्षभर कराच्या नावाने बोटं मोडतो, पण भरतो. पट्टे सिनेमा बघणाऱ्यांचे. आणि पावलात तूही आहेस."

"मी कुठला कर भरते, मामा? माझी मिळकत काय ती!"

"साबण घेतेस ना? चप्पल घेतेस ना? प्रत्येक खरेदीत तुझे चार पैसे सरकारजमा झालेत. तुझाच साबण तुझ्या पायात आलाय. उपकार काढायचे तर स्वतःचे काढ. आणि ते दूध मुलींना पाज."

ताईंना ते पटलं की नाही कोण जाणे. पण भीक घेतल्यासारखी खाली गेलेली मान घरी जाताना थोडी वर आली होती.

चौदा महिन्यांनी पाऊल चिरलं. नियम असा की एका माणसाला पाच वर्षांत एकच पाय. खुर्चीत बसून पेपर वाचणाऱ्याला पाच वर्षांचा, आणि नऊ इमारती चढणाऱ्या ताईंनाही पाच वर्षांचाच. मामांनी नियमाचं पुस्तक दोनदा वाचलं. दुरुस्ती किती वेळा करावी, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी पाऊल बदललं आणि नोंदवहीत लिहिलं: पाऊल, दुरुस्ती. पुढच्या वर्षी नळी. नंतर पुन्हा पाऊल. मग गुडघ्याखालचा भाग आटल्यामुळे वाटी सैल झाली, तेव्हा वाटी. सगळं खरं, सगळं तारखेसकट.

चौथ्या वर्षी ऑडिटर आला. बारीक मानेचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला तरुण. समोर आणलेला चहाही त्याने स्वतःच्या पैशाने प्यायला, त्यामुळे ऑफिसभर घबराट पसरली. त्याने ताईंना पायासकट बोलावून घेतलं. समोर नोंदवही उघडी होती.

"मिस्त्री, या मूळ पायातलं आता काय शिल्लक आहे?"

"क्रमांक, साहेब," मामा म्हणाले.

कोपऱ्यातला शिपाई हसला. ऑडिटर हसला नाही. "म्हणजे तुम्ही यांना नवा पाय दिलात."

"एका दिवशी कधीच नाही दिला."

"मला शब्दांचा खेळ नको. आठ महिन्यांत तुम्ही निवृत्त होताय. पेन्शन अडकेल, कळतंय ना? आणि हा पाय चौकशी संपेपर्यंत भांडारात जमा करावा लागेल."

मामांचा चेहरा उतरला. "माझं काय करायचं ते करा. पण साहेब, हा फळीवरचा पाय नाही. याच्यावर घर चालतं."

"ठाऊक आहे. पण बाहेर चारशे जण यादीत आहेत. त्यांनीही कर भरलाय. तुमच्या त्या जादा वाटीमुळे कुणाचा तरी पहिला पाय लांबला, त्याचं काय?"

मामांनी नोंदवहीतल्या वाटीच्या नोंदीवर बोट ठेवलं. ताईंना आठवलं, आपण पहिल्या पायासाठी अकरा महिने थांबलो होतो. त्या अकरा महिन्यांत सासूने लोकांची भांडी घासली होती.

त्या खुर्चीवर बसल्या, पट्टे सोडले आणि पाय काढून टेबलावर, नोंदवहीच्या शेजारी ठेवला. "घ्या. साहेब म्हणतात ते खोटं नाही."

"अगं, वेडी का काय तू?" मामा पुटपुटले.

ऑडिटरने असे पाय आजवर फक्त कागदावर पाहिले होते. रबरी पाऊल बाहेरच्या कडेने इतकं झिजलं होतं की आतलं लाकूड दिसत होतं. बसवून सहाच महिने झाले होते. त्याने त्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "घाला तो. उद्या मी तुमच्याबरोबर येतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो आला. हातात छोटी वही. एका इमारतीला बहात्तर पायऱ्या, त्याने लिहिलं. तिसऱ्या इमारतीत त्याने एक कॅन मागून घेतला. पाचवीत परत दिला. सहावीत पायरीवर बसला आणि म्हणाला, "तुम्ही पुढे व्हा, मी येतोच." ताई वर जाऊन खाली आल्या तरी तो तिथेच होता.

"साहेब, पाणी आणू का कुणाकडून?"

"नको. उतरताना गुडघ्याला फार लागतं का हो?"

"चढताना माणूस दमतो," ताई म्हणाल्या. "उतरताना पाय."

ते त्याने लिहून घेतलं.

त्याच्या अहवालात दोन गोष्टी होत्या. पहिली: पायाची मुदत वर्षांवर नव्हे, कामावर ठरवावी, आणि तोवर या बाईंचा पाय त्यांच्याकडेच राहावा. दुसरी: वाटी बदलणं ही दुरुस्ती नव्हे, तेव्हा तिची किंमत मिस्त्रींच्या पगारातून कापावी. मामांनी दोन्हींखाली सही केली.

ताई वाटीचे पैसे घेऊन गेल्या तेव्हा मामांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "मुलगा काटेकोर आहे, पण त्याला मोजता येतं," ते म्हणाले. "असे चार हवेत. मला दंड लागला, तो लागायलाच हवा होता. ते चारशे जण मी हिशेबात धरलेच नव्हते." भुवयांवरचं प्लॅस्टर पुसायचा त्यांनी प्रयत्न केला, ते गालांवर आलं. ताईंना हसू आलं नाही.

आठ महिन्यांनी मामा निवृत्त झाले. त्यानंतर तीन वर्षांनी नियम बदलला. जिने चढण्याचं काम करणाऱ्यांना आता दर दोन वर्षांनी पाय मिळतो. मामांची जागा अजून भरलेली नाही. माप द्यायला ताईंना बसने चार तासांवरच्या शहरात जावं लागतं, आणि त्या दिवशी नऊ इमारतींत दुधाचा खाडा होतो.