नवरदेव न आलेल्या लग्नाची पंगत

निवृत्त झाल्यावर मी उरलेलं अन्न गोळा करून गरजूंना वाटणाऱ्या एका संस्थेत जायला लागले. काम तसं सरळ. हॉलवरून किंवा केटररकडून फोन आला की आम्ही टेम्पोत झाकणाचे मोठे डबे टाकायचे, अन्न हुंगून-चाखून भरून घ्यायचं आणि खराब व्हायच्या आत दिवा स्टेशनजवळच्या चाळींमध्ये पोचवायचं. लग्न असेल तर शेवटची पंगत उठल्यावर जायचं, असा शिरस्ता. त्या दिवशी डोंबिवलीच्या एका हॉलवरून फोन आला तेव्हा पहिली पंगतही बसली नव्हती.

"सगळंच घेऊन जा," हॉलचा मॅनेजर म्हणाला. "नवरा आला नाही."

वऱ्हाड आणायला पाठवलेली बस रिकामी परत आली होती. मुलाने सकाळी घरात सांगितलं की त्याला लग्नच करायचं नाही. ते कळल्यावर मुलीकडचे पाहुणेही एकेक करत निघून गेले. उरले वरच्या खोलीत बसलेली मुलगी, तिचे वडील, दोन मावश्या, आचारी, फोटोग्राफर आणि बँडवाले.

मी आणि आमचा टेम्पो चालवणारा डबे घेऊन स्वयंपाकघरात गेलो, तर मुलीचे वडील मसालेभाताच्या पातेल्यासमोर उभे. फेटा तसाच डोक्यावर.

"डब्यात नाही भरायचं, ताई. माझ्या मुलीच्या लग्नाचं जेवण आहे. पानात वाढणार."

"अहो, आम्ही अन्न माणसांकडे नेतो."

"मग आज माणसं इकडे आणा. बस उभीच आहे."

मी ऑफिसला फोन लावला. संस्था चालवणाऱ्या आमच्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जेवण गरम आहे ना?"

"आहे."

"मग आणा की."

अशा रीतीने झेंडूच्या माळा लावलेली, पुढे 'शुभविवाह'चा बोर्ड असलेली बस घेऊन आम्ही दिव्याला गेलो. तिथे आमचे डबे नेहमी ज्यांच्या दारात उतरतात, त्या बाई पाण्याच्या रांगेत हंडे लावत होत्या.

"आज टँकर यायचाय," त्या म्हणाल्या. "लग्नाचं असं ऐनवेळी सांगतात होय?"

"लग्न नाहीये हो. नुसतं जेवण आहे."

"डबे आणलेत?"

"नाही. हॉलवर यायचंय."

"म्हणजे लग्नच की," असं म्हणून त्या साडी बदलायला आत गेल्या.

बातमी चाळभर झाली. आहे त्या कपड्यांत यायला कोणीच तयार नव्हतं. पावडरी लागल्या, एका आजोबांनी दाढीसुद्धा केली. हंड्यांवर लक्ष ठेवायला गुडघे धरलेल्या एक शेजारीणबाई थांबल्या, त्यांना जिलबी आणायचं कबूल केलं. बसमध्ये बघते तर साडी बदलून आलेल्या त्या डब्यांच्या बाईंच्या मांडीवर नारळ आणि ब्लाउजपीस.

"रिकाम्या हाताने कसं जायचं?"

"पण देणार कोणाला? नवरदेवच नाहीये."

"मुलगी आहे ना?"



बस हॉलच्या दारात वळली आणि बँड सुरू झाला. मी धावत जाऊन बँडवाल्याला थांबवायला गेले, तर तो म्हणाला, "आम्हाला सांगितलेलं, बस आली की वाजवायचं." मावश्या दारात उभ्याच होत्या. त्यांनी सगळ्यांवर गुलाबपाणी शिंपडलं आणि हातात अक्षता दिल्या. आता अक्षता टाकायच्या कधी आणि कोणावर, हे कोणालाच माहीत नव्हतं. खाली टाकणं बरं दिसेना. मग माणसं डाव्या मुठीत अक्षता धरून उजव्या हाताने जेवायला बसली.

वडील स्वतः वाढत होते. अळूवडी, मसालेभात, वर आग्रह करकरून जिलबी. आमच्या संस्थेत आग्रह करायचा नसतो, प्रत्येकाला सारखं वाढायचं असतं, हे मी त्यांच्या कानाशी लागून सांगितलं. ते "हो हो" म्हणाले आणि माझ्याच हातात जिलबीचं ताट दिलं.

मग मुलगी खाली आली. साधा कॉटनचा ड्रेस, कोपरापर्यंत मेंदी. तिने कोणाला न विचारता मठ्ठ्याचा जग उचलला. ती समोर आल्यावर चाळीतल्या त्या नारळवाल्या बाई पानावरून उठल्या, हात धुतले आणि नारळ-ब्लाउजपीस तिच्या ओढणीत घातलं.

"नवरा कुठंय गं तुझा?"

"आला नाही."

"कामावरनं सुटला नाही?"

मुलगी आधी बघतच राहिली. मग तिला इतकं हसू आलं की जग खाली ठेवावा लागला. "हो मावशी," ती म्हणाली, "तसंच समजा."

फोटोग्राफर सकाळपासून रिकामा बसला होता. त्याने हाक दिली, कोणाला फोटो काढायचाय का म्हणून. दाढी केलेले आजोबा आणि त्यांची बायको स्टेजवरच्या लाल खुर्च्यांवर जाऊन बसले. कोणीतरी मूठ मोकळी व्हावी म्हणून अक्षता त्यांच्यावर टाकल्या. मग सगळ्यांनीच टाकल्या. बँडवाल्यांना वाटलं, मुहूर्त लागला. त्यांनी परत सुरू केलं.

"अहो, आमचं झालंय एकदा," आजोबा ओरडून सांगत होते. त्यांची बायको पदर तोंडाशी धरून खाली बघत होती. मुलीचे वडील टाळ्या वाजवता वाजवता मध्येच थांबले आणि खांबाकडे तोंड करून उभे राहिले. मुलगी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. 

उरलेला भात शेवटी आमच्या डब्यांत आला. तोवर वडिलांचा विरोध मावळला होता, झाकणं त्यांनीच लावली.

पुढच्या आठवड्यापासून ते आमच्याबरोबर यायला लागले. टेम्पोला त्यांच्यामुळे सगळीकडे उशीर होतो. डबा नुसता हातात देणं त्यांना जमत नाही. चाळीच्या बोळात सतरंजी घालतात, लोकांना बसवतात, दुसऱ्यांदा विचारतात. मॅडमनी त्यांना दोनदा समज दिली. मुलीविषयी ते एकदाच बोलले, पळी पुसत असताना. "नवीन स्थळ बघू नका म्हणाली. नाही बघत." मग पातेल्यात डोकावून मला विचारलं, आमटीत मीठ जरा कमी वाटतंय का.