मंदाची सवत

माह्या भावाले, वासुदेवले, दोन बायका होत्या असं मी चारचौघांत सांगत जाय, अन् नवीन माणूस दचकून मंदाकडं पाहे. मंदा आपली नुसती हासे. एक ती, लग्नाची. दुसरी टिनाच्या शेडात उभी राह्यणारी पांढरी अंबेसिडर. पहिलीले सणाले लुगडं मिळे न मिळे, दुसरीले दर दसऱ्याले नवा हार, नवं निंबू अन् चाकाले हळद-कुंकू. मंदाची सवत म्हणूनच मी त्या गाडीले ओळखत होती.

ती गाडी आधी वर्ध्याच्या एका कापूसवाल्या शेठची. वासुदेव तिच्यावर ड्रायव्हर होता. शेठच्या पोरायनं नव्या गाड्या आणल्या, तं ही म्हातारी कोणालेच नको झाली, अन् माह्या भावानं ती सेवाग्रामच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात आणून उभी केली. जुनी किती, तं तिचा गियर स्टेअरिंगच्या दांड्याले. आताच्या पोरायले बसवलं तं गियर खाली शोधत बसते. लग्नसराईत नवरदेव तिच्यातून निघे, बाकीच्या दिवसांत पेशंट. गावात कोणाच्या छातीत दुखलं, कोणाले कळा लागल्या, का लोक आधी वासुदेवच्या दारात. तोही कधी नाई म्हटला नाई. ताटावरून उठून जाय.

पण मी सांगून राह्यली ते मंदाचं. गाडी पेशंट सोडून परत आली, का ही बादली घेऊन तयार. कोणी ओकलेलं, कोणाचं रक्त सांडलेलं. एका बाईचं तं दवाखान्याचं फाटक दिसाच्या आधी मागच्या सीटवरच बाळंतपण झालं. सारं मंदानं धुतलं. वासुदेव तिकडं निंबाखाली बिडी ओढत बसे. मी एकदा चिडून म्हटलं, काऊन वं, त्याले हात नाईत का? तं म्हणे, त्यायले वास सहन होत नाई, अक्का. मी म्हटलं, अन् तुले अत्तर वाटते का? त्यावर ती हासली अन् फडकं पिळून पुन्हा पुसाले लागली. सीटचे कव्हर तिच्या हातचे, मागच्या काचेचे पडदे तिच्या हातचे, समोर टांगलेली मण्यांची माळ तिच्या हातची. सवतीचं न्हाणं-धुणं असं कोणी केलं नसंल.

यंदा थंडी सरता सरता वासुदेव गेला. सकाळी अंगणात दात घासून राह्यला होता, तिथंच छाती धरून बसला. साऱ्या गावाले दवाखान्यात नेणारा माणूस, अन् त्याची गाडी समोर शेडात उभी. मंदानं खुंटीवरची चाबी काढली, धावत गाडीजवळ गेली, अन् मंग तिले आठवलं का चालवणारा तं मागं अंगणात पडला हाये. रस्त्यावर जाऊन तिनं ऑटो थांबवला. तो आला, लोकायनं वासुदेवले उचललं, पण रस्त्यातच मंदाच्या मांडीवर त्यानं डोळे मिटले. हे मले आठवलं का अजूनही डोकं फिरते. मी त्या दिवशी साऱ्यायसमोर म्हटलं, जाळून टाका ते डबडं, काय कामाचं ते. मंदा एवढंच म्हणे, "गाडीचा काय दोष, अक्का? ती तं उभीच होती."

तिसऱ्या दिवशी राख सावडली. अस्थी मडक्यात भरल्या, वरून पांढरं फडकं बांधलं. आमच्याकडं अस्थी घरात नाई आणत. दहाव्यापर्यंत बाहेरच ठेवतात, बहुतेक झाडाले टांगून. माणसं निंबाले दोर बांधाले निघाले, तं मंदा म्हणे, झाडाले नका टांगू त्यायले, त्यायच्या गाडीत ठेवा. माणसायनं दोर खाली ठेवला. मलेही ते पटलं. गाडी काही घर नोहे, अन् त्याचं अर्धं आयुष्य तिच्यातच गेलतं.

मडकं ठेवलं तानबानं. तानबा म्हणजे मंदाचा मोठा भाऊ, आष्टीकडं शेती करते. भला माणूस, पण एखाद्या कामाले लागला का त्याले थांबवणं कठीण. त्यानं मडकं मागच्या सीटवर ठेवलं, भोवती उशा लावल्या, काचा वर चढवल्या. मांजर जाईल, कुत्रं जाईल, म्हणून चारही दारांच्या आतल्या मुठी दाबून लॉक केल्या, शेवटचं दार मूठ दाबूनच लोटलं. संध्याकाळी तो आष्टीले निघून गेला. मंदा रोज दिवेलागणीले गाडीच्या बोनेटवर दिवा लावे, काचेतून आत पाहे, अन् घरात येऊन बसे. दार बंद होतं, तं तिले वाटलं चाबी भावाजवळ हाये. नवव्याले तो येणारच होता.

नवव्या दिवशी सकाळी तानबा आला. दुसऱ्या दिवशी पवनारले धाम नदीवर दहावा होता, महाराजले सांगून झालं होतं. चहा पिता पिता मंदानं चाबी मागतली. तानबा म्हणे, "चाबी तं आतच हाये. मडक्याजवळ ठेवली नं मी. लोखंड नको का जवळ?"

आता याले काय म्हणावं? मेलेल्याच्या वस्तूजवळ लोखंड ठेवतात हे खरं. कोणी खिळा ठेवते, कोणी अडकित्ता. या गृहस्थाले चाबी दिसली. अन् ती चाबी होती पितळेची! मी त्याले तसं म्हटलंही. तो म्हणे, चाबीचा छल्ला तं लोखंडाचा हाये. दुसरी चाबी वासुदेवनं कधीचीच कोणत्या तरी वरातीत हरवली होती. आम्ही सारे शेडात जाऊन काचेले नाक लावून उभे राह्यलो. मडक्याले टेकून चाबी ठेवलेली दिसत होती.

मंदाचा जवाई अंकुश, वर्षालीचा नवरा, सावंगीच्या दवाखान्यात नोकरीले. पोरगा चांगला, पण घाईचा. त्यानं मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ पाह्यले अन् म्हणे, मागची काच फोडू, सोपं काम हाये, नवी काच मागवून देतो. तानबाले तं ते लगेच पटलं, चूक त्याची होती नं. खरं सांगते, मलेही पटलं. उद्याचा दहावा महत्त्वाचा का काच महत्त्वाची? माणूस अडकून राह्यला तिथं, त्याले नदीत नेऊन सोडाचं हाये, अन् डबड्याची काळजी कोण करते? मी तं दगडही पाह्यून ठेवला होता.

मंदा दाराले पाठ लावून उभी राह्यली. तिचा आवाज कधी चढत नाई, तेव्हाही नाई चढला.

"आतमंधी ते हायेत. त्यायच्या अंगावर काच उडू द्याची का?"

मंग कोणी दगडाचं नाव नाई काढलं. अंकुशनं खाली मान घातली अन् मोटरसायकलवर जाऊन धर्मेंद्र मिस्त्रीले घेऊन आला. धर्मेंद्र म्हणजे ज्याच्याकडं वासुदेव गाडी नेत जाय, तो. त्यालेही डोळ्यात पाणी आलं गाडी पाह्यून. चाबीचं भोक फक्त ड्रायव्हरच्या दाराले, अन् ते इतकं झिजलेलं का दुसरी कोणतीच चाबी चालंना. लॉक ड्रिलनं फोडता येईल म्हणे, पण ते मंदाले कसं सांगावं? त्यानं नाई सांगतलं. तो गाडीभोवती फिरला अन् समोरच्या दाराच्या तिकोनी काचेशी थांबला. जुन्या गाड्यायले मोठ्या काचेच्या पुढं ही एक लहानशी काच राह्यते, हवा आत याले ती आडवी फिरते.

मंग सुरू झालं ते काम. साबणाचं पाणी लावून लावून रबर मऊ केलं. स्टीलच्या पट्टीले कपडा गुंडाळला, का रंगाले ओरखडा नको. पट्टीनं रबर जरासं उचलायचं, सायकलच्या ब्रेकच्या तारेचा फास आत सोडायचा, अन् काचेची कडी धरायची. फास बसे अन् निसटे. ऊन डोक्यावर आलं. तानबा उकिडवा बसून राह्यला होता, मधूनच स्वतःच्या कपाळावर हात मारे. अंकुशनं मोबाइल खिशात घातला अन् रबर धरून ठेवलं, बोटं पांढरी पडली तरी सोडलं नाई. माह्या मनात आलं का वासुदेव असता तं बिडी ओढत शिव्या देत बसला असता, अन् साऱ्यायले हासवलं असतं. शेवटी कडी सरकली अन् काच फिरली. रबरही नाई फाटलं.

आम्हाले वाटलं, झालं. पण काच फिरून जागा झाली ती केवढी? हात आत घालून, कोपरातून खाली वळवून दाराची मूठ वर ओढाची होती. तारेनं मूठ हालेना, कडक होती, तारच वाकून जाय. धर्मेंद्रचा हात पंजाच्या पुढं गेला नाई. अंकुश जिमले जाते, त्याचा तं सवालच नाई. तानबाचा हात म्हणजे नांगराचा हात. वर्षालीनं घातला असता, पण तिचे दिवस भरत आले होते, पोट दाराले लागत होतं, तिले मीच बाजूले केलं.

मंग मी पुढं झाली. जिभेनं मी जाडी असंल, हातानं बारीक हाये. बोटं गेली, पंजा गेला, अन् मनगटाशी अडकली. दोन्ही हातात भरून बांगड्या होत्या माह्या. काचेच्या कडेले खणखण वाजाले लागल्या. मी म्हटलं, थांबा, काढते. एका हाताच्या काढाच्या, त्यात काय मोठं. मी बांगड्यायले हात लावला तशी तानबानं हात जोडले. म्हणे, अक्का, नका काढू, नानाजी घरी खुशाल हायेत, सुतकाच्या दारात उभं राहून बांगड्या नाई काढत. धर्मेंद्रही मान हालवाले लागला. अंकुशसारखा शिकलेला पोरगा, तोही म्हणे, आत्या, राहू द्या, काही दुसरं पाहू.

मी चिडली. म्हटलं, तुमचं काही डोकंबिकं हाये का? भाऊ माहा आत बसला हाये. पण हात बांगड्यायवरून सरकंना. नानाजीचं, माह्या नवऱ्याचं, तोंड डोळ्यासमोर आलं, अन् मी तशीच उभी राह्यली.

तेवढ्यात मंदा माह्या बाजूले आली. तिनं पदर खांद्यावर खोचला.

"सरका, अक्का. माह्या हातात काहीच नाई."

गेल्या आठवड्यात वासुदेवले उचलाच्या आधी बायायनं घराच्या दगडी उंबऱ्यावर तिच्या बांगड्या फोडल्या होत्या. हिरव्या होत्या, संक्रांतीच्या. मी तिथंच होती. मी तिचे खांदे धरून होती.

मी सरकली. मंदानं हात घातला. बोटं गेली, पंजा गेला, मनगट गेलं. कुठंच नाई अडकलं. कोपरापर्यंत हात आत गेला, तिनं गाल गाडीच्या टपाले टेकवला, डोळे मिटले, अन् आतल्या आत मूठ शोधाले लागली. इतक्या वर्षांत हजारदा पुसलेली मूठ ती, तिले पाहाची गरजच नव्हती. खट्‌ असा आवाज झाला. धर्मेंद्रनं हळूच दार ओढलं अन् ते उघडलं.

गाडीले कुठं खरोच नाई का काही नाई. तानबा मोठ्यानं रडाले लागला. अंकुश म्हणे, आई, तुम्ही तं कमाल केली. बिचाऱ्याच्या तोंडून निघून गेलं, मंग त्याचं त्यालेच कळलं अन् तो शेडाबाहेर जाऊन उभा राह्यला.

मंदानं आतून मागच्या दाराची मूठ वर ओढली, ते दार उघडलं, उशा बाजूले सारल्या, मडकं मांडीवर घेतलं अन् सीटवर बसली. मीही तिच्या बाजूले जाऊन बसली. मी तिचा हात हातात घेतला. कोपराजवळ खरचटून रक्त आलं होतं, ते मी पदरानं पुसलं. खाली मनगटावर, जिथं लग्न झाल्यापासून बांगड्या होत्या, तिथली कातडी अजून गोरी होती. मी त्या गोऱ्या पट्ट्यावर माहा हात ठेवला, अन् माह्या बांगड्या वाजल्या.

मी हात मागं घेतला. तं मंदानं तो पुन्हा ओढून आपल्या मनगटावर ठेवला अन् म्हणे, वाजू द्या, अक्का.